दोन दगडांमधली रेषा

बाई फळ्यावर खडू टेकवत नसत, ठोकत असत. टक्. खडूचं टोक तुटून खाली पडायचं, फळ्यावर पांढरा ठिपका उरायचा आणि बाई वर्गाकडं वळून म्हणायच्या, "हा बिंदू. ह्याला लांबी न्हाई, रुंदी न्हाई, जाडी न्हाई. पर ठिकाण हाय. आता हा कुणाच्या बापाला हलायचा न्हाई."

'कुणाच्या बापाला' हे पुस्तकात नाही. मी पुस्तक उघडून खात्री करून घेतली आहे. मुख्याध्यापकांनी एकदा त्यांना सुचवून पाहिलं, की बाई, तपासणीला साहेब आले तर निदान बाप तेवढा वगळत जा. बाई म्हणाल्या, "साहेबांनी हलवून दाखवावा, मी वगळते."

गेवराईहून उमापूरकडं जाताना आमचं गाव लागतं. म्हणजे लक्ष ठेवलं तर लागतं. शाळा सातवीपर्यंत. मी भाषा शिकवतो, बाई गणित शिकवायच्या. उंचीनं इतक्या कमी, की त्यांच्या तासाला फळ्याचा वरचा भाग कोराच राहायचा. आवाज मात्र असा, की रस्त्यावरून वाळूचा हायवा ट्रक धडधडत गेला तरी त्रिकोण ऐकू यायचा. मूळच्या शिरूर कासारकडच्या. आई-वडिलांनी जन्मभर ऊस तोडला आणि बाई उसाच्या फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून शिकल्या. याचं कुणी कौतुक करू लागलं, की त्यांना राग यायचा. "कोपीत शिकावं लागलं, ह्यात कौतुक कसलं? लाज वाटाया पायजे," म्हणायच्या. कुणाला, ते सांगत नसत.

सकाळी शाळेत पाऊल टाकताना त्या सगळ्यांना ठणठणीत 'जय भीम' घालायच्या. उलट 'जय भीम' आला तर ठीक, 'नमस्कार' आला तर तोही ठीक. काहीच आलं नाही तर त्या जागच्या हलत नसत. पुन्हा एकदा घालायच्या, जरा मोठ्यानं. पहिल्या महिन्यातच सगळा शिक्षकवर्ग पहिल्या हाकेला उत्तर द्यायला शिकला.

त्या निव्वळ भांडकुदळ होत्या असा तुमचा समज व्हायला नको, म्हणून कोमलची गोष्ट सांगतो.

दिवाळी झाली, की आमच्या वर्गांना भोकं पडतात. तोडीच्या गाड्या भरून निघतात आणि निम्मी बाकं रिकामी होतात. सहावीतली कोमल आजीपाशी राहिली होती, आई-बाप कारखान्याला गेले होते. बाई त्या दिवशी किरण शिकवत होत्या. एका टोकाला सुरुवात असते, दुसऱ्या बाजूला तो जातच राहतो, माघारी येत नाही. एवढं ऐकलं आणि कोमलनं भोकाड पसरलं. "माय बी तशीच गेलीय," म्हणाली.

दुसऱ्या कुणी बाईंनी पोरीला जवळ घेतलं असतं. आमच्या बाई खेकसल्या, "रडती कावून? तुझी माय किरण न्हाई, रेषाखंड हाय. ह्या टोकाला गाव, त्या टोकाला कारखाना, दोन्ही टोकं पक्की. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की माघारी येती." आणि मग खडूच्या हातानं तिचं नाक पुसलं. पुढचा माझा तास कोमल पांढऱ्या नाकानं बसली होती, पण हसत होती.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या शाळेत मुलींसाठी स्वच्छतागृह नव्हतं. जुनं पडलं होतं. ही गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती, पण बाईंच्या लक्षात आलं ते वेगळंच. पोरी सकाळी पाण्याच्या बाटल्या भरून आणतात आणि संध्याकाळी भरलेल्याच घरी नेतात. दिवसभर एक घोट पीत नाहीत. सातवीत गेल्या, की महिन्यातले काही दिवस येईनाशा होतात, आणि मग एक दिवस येणंच बंद. नवं स्वच्छतागृह मंजूर झालं होतं. अभियंते आले, पूर्वेची पट्टी पाहिली, 'जागा बसत नाही' म्हणाले आणि चहा पिऊन गेले. मार्चअखेर काम सुरू झालं नाही तर पैसे परत जाणार होते.

ती पट्टी पूर्वी चांगली ऐसपैस होती. तिच्या पलीकडं आबांचं रान. आबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ते स्वतः सरपंच होत नाहीत, सरपंच करतात. त्यांची नातवंडं पिवळ्या बसमधून गेवराईच्या इंग्रजी शाळेत जातात, त्यामुळं आमच्या शाळेकडं ते रान म्हणूनच बघतात. आमच्याकडं जमीन कुणी उघड चोरत नाही, बांध कोरतात. दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, बांधाच्या अंगावर जास्त घालायचं, बस्स. तक्रार करायला तोंड उघडावं एवढंही ते नसतं. पण वर्षं लोटतात आणि पोट सुटल्यासारखा बांध पुढं येतो. आबांचा बांध शाळेच्या भिंतीपर्यंत आला होता. भिंतीला लागून त्यांचा कापूस फुटला होता.

'दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते.' हा धडा बाईंनी मैदानावर घेतला. बिंदू आयतेच होते. शाळेच्या हद्दीचे दोन जुने दगड, एक कडुनिंबाखाली, दुसरा हापशाजवळ. निंबाखालच्या दगडापाशी सुतळीचं टोक धरायला त्यांनी मला बसवलं. मी भाषेचा मास्तर आहे म्हणून पाहिलं, "भाषेलाबी हात असतात की सर," म्हणाल्या. दुसरं टोक कोमलच्या हातात दिलं आणि सांगितलं, हापशाच्या दगडापर्यंत न्या.

पोरींनी सुतळी नेली. पण कशी? बांधाबांधानं, वळसा घालून, आबांच्या कापसाच्या एका पानाला धक्का न लावता.

"ही रेषा हाय का?" बाईंनी विचारलं.

"हाय बाई."

"वाकलीय की."

"मधी आबाचा कापूस हाय, बाई," कोमल म्हणाली. मधी विहीर आहे, असं सांगावं तशी.

त्या पोरींना कुणी बजावलं नव्हतं. सुतळी कुणापाशी वाकवायची, हे त्या शाळेत यायच्या आधीच शिकून आल्या होत्या. बाई सुतळी वाकली होती तिथं जाऊन उभ्या राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "रेषा कुणाला बघून वाकती का गं? वाकली की ती रेषा न्हाई, नुसती सुतळी. ताणा!"

पोरींनी ताणली. सुतळी कापसात शिरली आणि सरळ झाली. तिच्या अलीकडं, मधोमध, एक चांगली खोली उभी राहील एवढी जागा निघाली. बाईंनी खेळाच्या मैदानाची फक्की आणली आणि त्या सुतळीवरून, कापसाच्या झाडांमधून, पांढरी रेघ ओढली.

अर्ध्या तासात आबा मोटरसायकलवर हजर. उतरले नाहीत.

"काय चाललंय बाई?"

"सहावीचा धडा, आबा. बसा की, शिकून जावा."

"माज्या रानात?"

"ते रेषेला इचारा. आमी नुसते दोन दगड धरले. मधलं तिनं दाखवलं."

आबा हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नसतो. "आता तुमच्या लोकांनी आमाला हद्द शिकवायची का?"

मी हातातली सुतळी दगडाला गुंडाळून बाजूला सरकलो. वारा होता, असं म्हणू या. मला वाटलं, आता बाईंचा स्फोट होणार. पण त्या उलट थंड झाल्या. "आमीच शिकवायची, आबा. आमच्या आज्यापणज्याला गावानं लई रेषा आखून दिलत्या. हितं पाणी भरायचं न्हाई, तिथनं चालायचं न्हाई. आमाला सगळ्या पाठ हायेत. त्यात कामाची अशी ही एकच निघाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी फक्की पायानं पुसलेली होती. बाईंनी तोच धडा पाचवीला शिकवला, रेघ पुन्हा आली. ती पुसली गेली. मग सातवीची उजळणी. फक्की संपली तेव्हा खिचडीच्या चुलीतली राख आली. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, एकच धडा किती दिवस?" बाई म्हणाल्या, "समजंपर्यंत." कुणाला समजेपर्यंत, ते याही वेळी सांगितलं नाही.

मग एका सकाळी सगळ्या पोरी ओरडत आल्या, "बाई, बिंदू चोरला! बिंदू चोरला!"

हापशाजवळचा दगड गेला होता. त्याच्या जागी नुसता खड्डा.

बाई खड्ड्यापाशी गेल्या. "बिंदू कुणाला चोरता येत न्हाई. दगड चोरलाय," म्हणाल्या. "कोमल, उभी ऱ्हा हितं." कोमल खड्ड्यात उतरली. बाईंनी सुतळीचं टोक तिच्या हातात दिलं आणि त्या दिवशीची रेषा निघाली. त्यानंतर मधल्या सुट्टीत पोरी आळीपाळीनं त्या खड्ड्यात उभ्या राहू लागल्या, हातात खिचडीची ताटली घेऊन.

गावात बोभाटा झाला, की बाई पोरींना खड्ड्यात उभं करायलीय. आया पदर खोचून भांडायला आल्या, वरच्या आळीच्या आणि आमच्या बुद्धवाड्यातल्याही. बाईंनी त्यांना ऐकून घेतलं, मग पट्टी दाखवली, रेघ दाखवली आणि इथं काय बांधायचं आहे ते सांगितलं. भांडण तिथंच बसलं. एक आई खड्ड्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "माजी थोरली ह्याच्यापायीच घरी बसली." मग दुसरी बोलली. मग सगळ्याच. त्याच दुपारी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या आणि सरकारी मोजणी मागवल्याशिवाय उठायचं नाही म्हणून सतरंजीवर बसल्या. मुख्याध्यापकांनी आयुष्यात इतक्या लवकर कधी सही केली नव्हती.

मोजणीवाले आले, त्यांनी यंत्र लावलं, आणि नवा दगड त्याच खड्ड्यात बसला. आबा त्या दिवशी लग्नाला गेले होते. लग्नतिथी नव्हती, पण गेले होते.

त्याच आठवड्यात बाईंच्या प्रतिनियुक्तीचा आदेश आला. जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, डोंगरातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर. मुख्याध्यापक म्हणतात, योगायोग. मी भाषा शिकवतो. कोणता शब्द कुठं वापरायचा, ते मला कळतं.

तुम्ही म्हणाल, जरा दमानं घेतलं असतं तर बाई राहिल्या असत्या. राहिल्या असत्या हो. बांधही राहिला असता. दमानं घेणारे आम्ही सगळे तिथंच होतो की, इतकी वर्षं! ह्या असल्या शहाणपणाची मला आता चीड येते.

त्यांनी निरोप समारंभ करू दिला नाही. शाल-नारळाचं नाव काढलं तर "मी मेलेय का?" म्हणाल्या. शेवटच्या दिवशी सगळे तास घेतले, समांतर रेषांपर्यंत धडा संपवला, भरपूर गृहपाठ दिला, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि स्कूटी काढली. पोरी फाटकाला लोंबकळून रडत होत्या. बाईंनी मान वळवून पाहिलं नाही. मी त्यांच्यासोबत फाट्यापर्यंत गेलो म्हणून मला माहीत आहे, फाट्यावर त्यांनी हेल्मेटची काच वर केली आणि ओढणीनं बराच वेळ डोळे पुसले. मला त्यांचा फार अभिमान वाटला आणि फार वाईटही वाटलं.

मार्चमध्ये मिस्त्री पाया आखायला आला. मी वर्गात कविता शिकवत होतो. खिडकीतून त्याचं बोलणं ऐकू येत होतं. आबांचा निरोप आहे, दोन हात आत घ्या, उगं वाद नको. मुख्याध्यापक मान हलवत होते, की घ्या, दोन हातांनी काय होतंय.

कोमल उठली. तिनं परवानगी मागितली नाही. तिच्यामागं सगळ्या पोरी उठल्या, आणि माझी कविता पोरींच्या रिकाम्या बाकांसमोर अर्धीच राहिली. मी बाहेर गेलो तोवर तिनं मिस्त्रीची खुंटी उपटून हातात घेतली होती.

"अगं ए पोरी, आबानं सांगितलंय—"

"आबा हितं बिंदू न्हाईत, मिस्त्रीमामा," कोमल म्हणाली. "बिंदू दोनच हायेत. त्यो एक, आन् ह्यो एक."

दोघी निंबाकडं पळाल्या, दोघी हापशाकडं. सुतळी ताणली गेली. मिस्त्रीनं मुख्याध्यापकांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी सुतळीकडं हात केला. त्यानं टोपी मागं सारली, तळहातावर थुंकी टाकली आणि पोरींनी धरलेल्या रेषेवर कुदळीचा पहिला घाव घातला.