दोन पुतण्यांचा काका

वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेलं होतं. आमची नाटक कंपनी मेहकरला उतरली की नटांची जेवणं गावातल्या घरांत वाटून देत. मी पडलो कोकणातला, शाळा अर्ध्यात सोडलेला. परक्या घरात काय बोलावं, दुसऱ्यांदा भात मागावा की नाही, सगळ्याचीच धास्ती. पण माझ्या वाट्याला एका मास्तरांचं घर आलं. मास्तरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "लाजू नका भाऊ. घर आपलंच हाय." ते उपकार मी विसरलेलो नाही. त्यांची दोन्ही पोरं तर काका काका करत मला चिकटूनच जेवायची. घर सोडल्यापासून असं कुणी जवळ आलं नव्हतं.

त्याच मुक्कामात विलायतेतल्या एका जुन्या राजाचं नाटक लागलं. कुबडा, कपटी, गादीसाठी सख्ख्या पुतण्यांना किल्ल्यात कोंडून मारवणारा. तो राजा मी. पाठीला कापसाची उशी बांधून मी पुतण्यांना गोड हाक मारली, "या, काकाजवळ या," तेव्हा बायकांनी कडाकडा बोटं मोडली. मालकांनी पाठ थोपटली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी जेवायला गेलो तर रात्री खेळ पाहून आलेली पोरं दाराआड.

"काऊन रे? काका आले ना तुमचे," बाई म्हणाल्या.

मास्तर हसले. "अरे, तो राजा खरंच तसा होता का, याच्यावर विलायतेतच वाद हायेत. नाटकवाल्यांनी त्याले जास्तच काळं फासलं."

पोरांना त्याचं काय? संध्याकाळी मी उशीच घेऊन गेलो. "हे बघा कुबड. नुसता कापूस. दाबून पाहा."

धाकटा आतूनच बोलला, "कुबड काढलं. हात तर थेच हायेत ना?"

"गप बे! जेवू दे त्याईले," बाईंनी दटावलं. मी उशी पाठीमागे सरकवली.

आणखी थोडे दिवस मिळते तर तो परत जवळ आला असता, असं अजून वाटतं. पण मालकांनी जळगाव जामोदचा खेळ ठरवून टाकला होता.

निघायच्या सकाळी बाईंनी वाटेसाठी भाकरी बांधून दिली. थोरला आला, लांबूनच नमस्कार करून पळाला. मी उगाच रेंगाळलो.

"धाकटा झोपला हाय," बाई म्हणाल्या.

आत तो कुणाशीतरी बोलत होता, मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"झोपू द्या," मी म्हटलं आणि भाकरी घेऊन बैलगाडीकडे निघालो.