पद्मजाला सापडलेला जीव

हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही नीटसं ठाऊक नाही.

सांगलीत पद्मजा आणि मी एकाच सरांकडे पीएचडी करत होतो, राहायलाही एकाच खोलीवर. विषय — समुद्री माशांच्या कल्ल्यांवरचे परजीवी. झिंग्या-खेकड्यांच्या कुळातले, तांदळाच्या कणीएवढे जीव. मासा जिथून श्वास घेतो तिथेच आकडे रुतवून बसतात. रत्नागिरीहून बर्फात आलेले मासे प्रयोगशाळेतले मारुतीमामा बाजारातून आणायचे. मी रहिमतपूरची, मासे-मटण खाणाऱ्या घरातली, मला त्याचं काही वाटायचं नाही. पद्मजा मात्र जैन शेतकऱ्याची मुलगी. घरी तिनं सांगितलेलं — पिकांवरच्या किडीचा अभ्यास करते. सुरुवातीला मासा कापण्याआधी ती डोळे मिटून घ्यायची. गावी जायच्या दिवशी ती दोनदा डोक्यावरून अंघोळ करायची. खरं काय ते मला माहीत होतं.

मग एका सुरमईच्या कल्ल्यात तिला तो सापडला. पायांची ठेवण वेगळी, मागे अंड्यांच्या दोन लांब माळा. अशी नोंद कुठेच दिसत नाही, असं म्हणत सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. तोच कल्ला आदल्या दिवशी मी तपासला होता — आणि वहीत 'काही नाही' लिहून मोकळी झाले होते.

मत्सर म्हणायचं का याला? दुसरा शब्द शोधून पाहिला. सापडला नाही.

त्याच आठवड्यात तिचे वडील द्राक्षं घेऊन खोलीवर आले. पोरगी कुठं हाय, विचारलं. लायब्ररीत, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणाले, "काका, ती मासे कापतेय. रोजच कापते. पण माझं नाव सांगू नका."

त्यांनी द्राक्षं खाली ठेवली. "न्हाई सांगत, पोरी," म्हणाले.

प्रयोगशाळेची वाट मीच दाखवली. ते चिडले नाहीत. तिनं हातमोजे काढेपर्यंत दारात थांबले आणि तिला घेऊन गेले.

सामान न्यायला आली तेव्हा तिनं आपली वही आणि तो जीव ठेवलेली काचेची कुपी माझ्या हातात ठेवली. "आता तूच पूर्ण कर. मारुतीमामांनीच घरी सांगितलं, दुसरं कोण असणार?"

मी... मान डोलावली.

त्या वहीवर माझी पीएचडी झाली. प्रस्तावनेत तिचे आभार आहेत — एक ओळ. पद्मजाच्या लग्नाची पत्रिका आपल्याला का न्हाई आली, असं मारुतीमामांनी मला एकदा विचारलं. पोस्टात गहाळ झाली असेल, मी म्हणाले. तिच्या वडिलांनी शब्द पाळला. गेल्या वर्षी ते वारले.

आता मी साताऱ्यात शिकवते. रविवारी पद्मजाचा फोन आला. तिच्या मुलीला प्राणिशास्त्र घ्यायचंय. "तुझ्याकडंच ठेवते तिला," म्हणाली, "तुझ्यावाचून माझं तिथं कोण हाय?"

मी म्हटलं, पाठव.