दाढेचा खड्डा

दाढ काढायला खुर्चीवर मी बसले होते आणि घाबरले होते आमचे हे. तारापूरच्या कारखान्यात बॉयलरवर उभं राहणारा माणूस, पण इंजेक्शनची सुई दिसली की भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागतो. मी मात्र निवांत तोंड उघडलं. उजवीकडच्या त्या खालच्या दाढेनं तीन महिने माझा जीव खाल्ला होता, आता तिची पाळी होती.

डॉक्टर पालघरची, माझ्या मुलीच्या वयाची. सुरुवातीलाच तिनं विचारलं होतं, “काकू, तंबाखू वगैरे?”

“आमच्या घरात तंबाखू येत नाही,” मी ठणकावून सांगितलं. हे कॅलेंडर वाचत राहिले.

तंबाखू यांची होती, आणि ती मी सोडवली होती. मुलगी पहिलीत असताना एका सकाळी यांच्या खिशातली पुडी काढली, सरावलीच्या आमच्या खोलीसमोरच्या गटारात टाकली आणि विचारलं, “ही हवी का मी?” यांनी मला ठेवलं. त्यानंतर पुडी कधी दिसली नाही. हा पराक्रम मी भिशीत सांगितला, हळदीकुंकवात सांगितला, यांच्या मित्रांसमोर यांच्या तोंडावर सांगितला. घरात माझा शब्द चालतो तो त्या दिवसापासून, असं मी मानत होते.

आणि मिश्री? ती मी लावत होते. साताऱ्याकडच्या आमच्या गावात बायका मिश्री लावल्याशिवाय सकाळच्या कामाला हात घालत नाहीत. तंबाखूचं पान तव्यावर काळं होईपर्यंत भाजायचं, कुटायचं, डबीत भरायचं आणि बोटानं हिरड्यांना चोळायचं. तेराव्या वर्षी माझा दात ठणकला तेव्हा आईनंच पहिलं बोट लावलं. लग्न होऊन इकडे आले तरी बहीण तयार डबी गावाहून पाठवत राहिली. माझ्या लेखी ते दात घासणं होतं. तंबाखू पुरुष खातात, बायका मिश्री लावतात. यात खोटं बोलल्यासारखं मला खरोखर काही वाटलं नाही.

दाढ निघाली. डॉक्टरनं कापसाची घडी चावायला दिली आणि सूचना दिल्या. आज चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, गालाला बाहेरून बर्फ, गार आणि मऊ खायचं, गोळ्या वेळेवर. मी काय कमी करणार? बर्फ फडक्यात बांधून घड्याळ लावून गाल शेकला. गार दहीभात खाल्ला. उशाला दोन उशा घेऊन झोपले. यांना म्हटलं, “बघा, दुखणं कसं सांभाळायचं असतं ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि मिश्री लावली. डाव्या बाजूला लावली हो, तेवढी अक्कल होती! मग सवयीनं दोन-तीनदा जोरात थुंकले आणि चहा ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुखणं कमी व्हायचं, ते चढलं. जबड्यातून कानात, कानातून कानशिलात. तोंडाला घाण वास. आमच्याकडे बेटेगावहून भाजी घेऊन एक बाई येते. माझं तोंड बघून ती म्हणाली, “ताई, अजून दुखतंय? आमी तर दाढ काढून दुसऱ्या दिशी कामाला जातो. यात कायतरी गडबड हाय.”

गडबड डॉक्टरची, यात मला शंकाच नव्हती. पोरीनं मूळ आत ठेवलं असणार. तोवर आईचा उपाय हाताशी होताच, म्हणून त्या दिवशी मी मिश्री चार वेळा लावली, आणि आता थेट खड्ड्याच्या काठाला. घटकाभर बधिर वाटायचं, मग दुप्पट ठणका. चौथ्या दिवशी यांना रजा घ्यायला लावली आणि भांडायच्या तयारीनं पालघर गाठलं.

डॉक्टरनं छोटा आरसा धरून मलाच दाखवलं. खड्डा कोरडा, तळाशी पांढरट हाड. “काकू, तिथं रक्ताची गाठ धरते, तीच जखमेची खपली. ती निघून गेलीय. जोरात थुंकलात? काही लावलंत?”

हे शेजारीच उभे होते. मी खरं बोलले तर इतक्या वर्षांचा माझा तोरा यांच्यासमोर उतरणार. नाही बोलले तर ते हाड तसंच उघडं राहणार. मी यांच्याकडे पाहिलं. यांना सगळं माहीत होतं, पहिल्या दिवशीही माहीत होतं, पण त्या माणसानं तोंड उघडलं नाही.

“मिश्री लावते,” मी म्हणाले.

“म्हणजे तंबाखूच ना, काकू?”

“हो.” मला लाज वाटली. खरंच वाटली.

तिनं खड्डा धुतला, लवंगेच्या वासाचं औषध भरलं, आणि थोड्याच वेळात कानातली कळ उतरली. मिश्री बंद, थुंकणं बंद, दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला या, असं तिनं बजावलं. भांडायचं राहूनच गेलं. घरी येऊन मी डबी केरात रिकामी केली आणि यांना सांगितलं, “सुटली. आपलं काम एकदम असतं.”

जखम शहाण्यासारखी भरत गेली. कोमट मिठाचं पाणी तोंडात धरून नुसतं सोडून द्यायचं, औषध बदलून घ्यायचं. आठवड्याभरात आरशात गुलाबी मांस दिसायला लागलं आणि मी उजवीकडून भात चावला. पण सकाळ झाली की डोकं जड व्हायचं. पोट साफ होईना. हात आपोआप डबीच्या फडताळाकडे जायचा. मुलीचा फोन आला तर तिच्यावर खेकसले, भाजीवालीशी उगाच वाद घातला. दाढेचं दुखणं गोळीचं ऐकत होतं, ही तलफ कुणाचंच ऐकत नव्हती.

दहाव्या दिवशी हे पहिली पाळी संपवून आले. मी चहा पुढे ठेवला आणि समोर बसले. भिशीत एवढ्यांदा ती गोष्ट सांगितली, पण एक प्रश्न मात्र यांना कधी विचारला नव्हता.

“अहो, तुम्ही सोडलीत तेव्हा किती दिवस त्रास झाला होता?”

यांनी चहाचा घोट घेतला.

“अजून होतो,” म्हणाले.