थोरल्या आबांचं नाक

चहा घ्या, पण घोट गिळून मग ऐका. मधेच हसू आलं तर चहा नाकातून येईल, आणि ही गोष्ट मुळात नाकाचीच आहे. नाक कुणाचं, माझं की माझ्या पणजोबांचं, तिथंच सगळी गंमत झाली.

मी इतिहासाचा मास्तर. तोही लातुरात. ज्या गावात पोर बारशाला पाळण्यात घालतानाच फिजिक्सची शिकवणी ठरते, तिथं मी इतिहास शिकवतो. माझ्या वर्गात पोरं येतात ती पंखा चांगला फिरतो म्हणून. घर माझ्या पगारावर चालतं असं मी म्हणतो, आणि सुनंदाच्या मेसवर चालतं असं बाकी सगळे म्हणतात. सुनंदा म्हणजे माझी बायको. नांदेड, किनवट, देगलूर, कुठून कुठून शिकवण्यांना आलेली पोरं तिच्याकडे जेवतात.

तर मला वेळच वेळ. त्यातून एक खोड लागली. गावागावांच्या, तालुक्यांच्या इतिहासाची छापील पुस्तकं जमवायची आणि त्यात कुणाच्या पूर्वजाबद्दल काय लिहिलंय ते सरकारी दप्तरात जाऊन ताडून बघायचं. ही पुस्तकं तुम्ही पाहिली असतीलच. ज्यानं छपाईला हातभार लावला त्याचा पणजोबा शूर. ज्यानं नाही लावला त्याच्या गावाला कुठली एसटी जाते, एवढीच माहिती.

जुने कागद निजामाच्या वेळचे, उर्दूतले. माझं उर्दू अत्तराच्या दुकानाची पाटी वाचण्यापुरतं. म्हणून एका चाचांना सोबत न्यायचो. ते वाचायचे, मी वहीत उतरवायचो, आणि एकेक वीर धारातीर्थी पडायचा.

सुनंदाच्या मामेबहिणीचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलाचे वडील कौतुकानं सांगत होते, आमचे पूर्वज औशाच्या किल्ल्याचे किल्लेदार, पुस्तकात छापून आलंय. आता मी गप्प बसावं की नाही? मी जिलबी खाली ठेवली आणि म्हणालो, "कागदात तसं नाही. त्यांच्याकडे किल्ल्यातलं गवत कापायचा मक्ता होता." साखरपुडा कसाबसा पार पडला. सुनंदाचे मामा अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि सुनंदा त्या दिवशी बोलली ते मी इथं सांगत नाही.

पण मी कुणाला भीक घालतो का? पुरावा म्हणजे पुरावा. बाप असला तरी पुरावा.

आता आप्पांकडे येतो. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. वडील लवकर गेले, मला आप्पांनीच वाढवलं. माझ्या शाळेसाठी औशाला खोली करून दिली, दर आठवड्याला भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन स्वतः यायचे. डावरा माणूस. भाकरीसुद्धा डाव्या हातानं मोडायचे, आणि कुणी टोकलं तर म्हणायचे, पोटाला कुठं कळतंय कंच्या हातानं आली ते.

भूकंपात आप्पांचं घर बसलं. ते शेतात झोपले होते म्हणून वाचले. पुढं पुनर्वसनाचं नवं गाव झालं, सारख्या घरांच्या इतक्या सारख्या ओळी, की सुरुवातीला माणसं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरून पाणी मागायची. आप्पांना घर मिळालं, म्हैस आली, भांडीकुंडी आली. एक गोष्ट मात्र आली नाही. जुन्या घरात माझ्या पणजोबांची, म्हणजे थोरल्या आबांची, एक तसबीर होती. धुरानं काळी पडलेली. लहानपणी मी पाहिली होती, पण आठवायची ती काचेवरची काजळीच. आप्पा सकाळी तिच्यापुढं उदबत्ती लावून मग दिवस सुरू करायचे. ती मातीत गेली.

नव्या घरात आप्पांनी पहिल्याच दिवशी भिंतीत खिळा ठोकला होता. वर्षानुवर्षं तो तसाच रिकामा. मी गेलो की माझं लक्ष तिकडंच जायचं. मनात ठरवलं होतं, ह्या माणसानं मला काय काय दिलं, आपण निदान ह्याला आबा परत आणून द्यायचे.

आणि एक दिवस आबा सापडले.

औशाच्या आमच्या शाळेचे हेडमास्तर निवृत्त झाल्यावर त्यांनी तालुक्याचा इतिहास लिहिला. ते पुस्तक माझ्या हाती लागलं. त्यात एका पानावर आमचं गाव, आमचे थोरले आबा, आणि चक्क त्यांचं शाईनं काढलेलं चित्र. खाली लिहिलेलं, गावावर दरोडा पडला तेव्हा सोपानराव, म्हणजे आमचे आबा, तलवार घेऊन वेशीत एकटे उभे राहिले. मी ते पान उभ्या उभ्या चार वेळा वाचलं.

तरी मी शिस्तीचा माणूस. चाचांना घेऊन दप्तरात गेलो. दरोडा सापडला. वेशीत कुणी उभं राहिल्याचा मात्र पत्ता नाही. आबांचं नावसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाचा पणजोबा असता तर मी तिथल्या तिथं त्याला गवत कापायला पाठवला असता.

पण चित्र होतं ना! ते नाक. लांब, टोकाला किंचित डावीकडं वळलेलं. आरशात बघितलं, तेच नाक. कागद करणारे कारकून खोटं लिहितील, नाक कशाला खोटं बोलेल?

सुनंदाला दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. एक नजर टाकून म्हणाली, "अगं बाई, हे तर तुम्हीच की."

"रक्त आहे, सुनंदा. तीन पिढ्या गेल्या तरी रक्त लपत नाही."

"रक्ताचं मला नाही ठाऊक. पण मेसचा गॅस संपला म्हटल्यावर तुमचे डोळे अगदी असेच होतात."

मी तिला समजावलं की त्याला डोळ्यांतला अंगार म्हणतात. एवढंच नाही, चित्रातल्या फेट्यावर मी वर्गात तासभर बोललो. फेट्याचा तुरा भलत्याच बाजूला होता. मी पोरांना सांगितलं, ही लोप पावलेली बांधणी आहे, आता मराठवाड्यात कुणी अशी बांधत नाही, यावरूनच चित्राचा जुनेपणा सिद्ध होतो. पोरं पंख्याखाली गाढ झोपली होती.

चित्र मोठं करून घेतलं, काच बसवली, सोनेरी चौकट केली, झेंडूचा हार घेतला आणि आप्पांच्या घरी गेलो. चौकट त्या खिळ्याला लावली. हार घातला. म्हणालो, "आप्पा, बघा कोण आलंय."

आप्पा चित्राजवळ गेले. चष्मा वर केला, खाली केला. बराच वेळ बघितलं. मग एकदम उपरणं तोंडावर धरून भिंतीकडं तोंड केलं. खांदे गदगदा हलायला लागले.  वाटलं, आयुष्यात काहीतरी केलं आपण.

"आप्पा, रडू नका," मी म्हणालो.

ते उपरण्यातूनच म्हणाले, "न्हाई न्हाई. लई गुणाचं पोरगं हाईस तू दिगू." आणि परत खांदे हलायला लागले.

दुसऱ्या दिवसापासून उदबत्ती सुरू झाली. मग भावकीत बोभाटा. सगळ्यांना आबा पाहिजेत. मी प्रती काढून वाटल्या. किनवटला आश्रमशाळेत नोकरीला असलेल्या माझ्या चुलतभावानं वसतिगृहाच्या दारावरच लावली. एक प्रत मी मेसमध्ये टांगली, आणि इथं प्रकरण हाताबाहेर गेलं. मेसमधल्या एका पोरीनं परीक्षेला जाताना सहज फोटोला हात जोडले आणि तिला मेडिकलला नंबर लागला. झालं. टेस्ट असली की पोरांची रांग. कुणी खडीसाखर ठेवतंय, कुणी हॉल तिकीट पायाशी लावतंय. माझ्या वर्गात मला बघून उठायचा कंटाळा करणारी पोरं थोरल्या आबांपुढं कान धरून उभी! मी कौतुकानं बघत राहायचो. पणजोबांचा मान तो शेवटी आपलाच, नाही का?

एकदा आप्पा म्हणाले, "दिगू, मोठा केल्यानं आबाचं नाक जरा पुसाट झालंय बघ. मूळ चित्र कुटं गावतंय का? तू तर लई मुळापातुर जाणारा माणूस."

बरोबरच होतं. आप्पांना पुसट नाकाचे आबा द्यायचे म्हणजे काय? चित्राच्या कोपऱ्यात बारीक सही होती, आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सय्यद सरांची. चौकशी केली. सर आता नांदेडला, विष्णुपुरीकडं मुलाजवळ राहतात असं कळलं. गाडी पकडली आणि गेलो.

सर म्हातारे झाले होते, पण गडी मजेत. मला काही ओळखलं नाही. मी पुस्तक उघडून पुढं ठेवलं. सरांचा चेहरा फुलला.

"हौ, माझंच आहे हे. हात कसा चालायचा बघा तेव्हा."

"सर, हे तुम्ही कशावरून काढलं? मूळ तसबीर कुणाकडं होती?"

"कायची तसबीर? हेडमास्तर बोलले, एक वीर पाहिजे, मिशीवाला, तलवारवाला, परवा छपाईला द्यायचंय. आता मी वीर कुठून आणू? आमच्या गॅदरिंगच्या नाटकाचे फोटो पडून होते. त्यातला एक उचलला, त्याच्यावरून काढून दिलं."

मी पुस्तक जवळ ओढलं. "नाटकातला कोण होता तो?"

"होता एक पोरगा. नाव नाही राहिलं. पण त्याला विसरणार नाही जिंदगीत. एक वाक्य होतं त्याला, फक्त एक. वेशीत उभं राहून म्हणायचं. पडदा वर गेला आणि पठ्ठ्या वाक्य विसरला. मी आतून सांगून राहिलो, हेडमास्तर सांगून राहिले, अख्खा गाव सांगून राहिला. हा तलवार धरून नुसता डोळे फाडून उभा. शेवटी पडदा पाडला. नेमका त्याच्या आधी फोटोवाल्यानं फोटो काढला."

आता तुम्हाला सांगायला नकोच. ते वाक्य "मी असेपर्यंत वेस ओलांडून दाखवा" असं होतं. आत्ता बघा कसं घडाघडा आठवतंय.

सर चष्म्यातून माझ्याकडं बघायला लागले होते. "तुम्ही कुठल्या बॅचचे म्हणालात?" मी म्हणालो, गाडीची वेळ झाली.

परतीच्या वाटेवर डोकं धरून बसलो होतो. तुम्हाला हसू येतंय? अहो, मी जिवंतपणी स्वतःच्या फोटोला स्वतःच्या हातानं हार घातला होता. मेसमधली पोरं, किनवटचं वसतिगृह, अख्खी भावकी माझ्या पाया पडत होती, आणि तेही वाक्य विसरून उभ्या असलेल्या माझ्या. पण ते एक वेळ सोडा. आप्पांचं काय? त्या म्हाताऱ्याला मी आबा दिले होते. आता कुठल्या तोंडानं काढून घ्यायचे?

लातूरला न उतरता तसाच आप्पांकडं गेलो. ते ओसरीवर बसले होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली.

आप्पा शांतपणे म्हणाले, "गावलं का मूळ? बरं झालं. मी म्हणलं ह्यो कवा जातुय कुणास ठाऊक."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"आरं, फेटा माझा हाय त्यो. माझ्या लग्नातला. नाटकाला पाहिजे म्हणून तू मागितलास, मीच बांधून दिला तुला. डाव्या हाताचा माणूस, तुरा उलट्याच बाजूला येणार. पंचक्रोशीत कुणाचा येतुय तसा?"

माझी लोप पावलेली बांधणी समोर बिडी ओढत बसली होती.

"आन् नाटकाला मी पुढंच बसलो हुतो की. तुला वाक्य येईना तवा मीच बोंबलत हुतो सगळ्यात जास्त."

"मग त्या दिवशी तुम्ही रडलात ते?"

"रडलो कुटं? हसू आवरंना, म्हणून उपरणं धरलं. तू एवढा जीव लावून हार घालायलास, तुझ्या तोंडावर कसं हसावं माणसानं?"

"पण आप्पा, सांगायचं तरी. आबांना तुम्ही डोळ्यांनी बघितलंय."

"तू इचारलास कवा? उर्दू कागदाला इचारलास, छापील पुस्तकाला इचारलास. मी हितंच बसलो हुतो."

मला वर बघवेना. मग आप्पांनीच मला जवळ बसवलं आणि आबा सांगितले. आबांचं नाक बसकं होतं. तोंडावर देवीचे वण. गोष्ट सांगायच्या आधीच स्वतः हसायचे, म्हणून त्यांची एकही गोष्ट कुणाला धड कळली नाही. आणि दरोडा पडला तेव्हा आबा ज्वारीच्या कणगीत बसले होते, वरून झाकण ओढून. दरोडेखोर गेल्यावरही दुपारपर्यंत बाहेर येईनात. हे आबा स्वतःच सगळ्या गावाला हसत सांगायचे. आप्पा सांगत होते आणि मला पहिल्यांदा आबा दिसत होते, काजळीच्या पलीकडचे.

मी उठून चौकट काढायला गेलो. आप्पांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. घर पडलं त्यात फेटा बी गेला हुता माझा. त्यो आला. तू बी हाईस भिंतीवर, मंजी रोज दिसतूस. न्हाईतर म्हैन्यातून एकदा येतूस."

माझे डोळे भरून आले, आणि माझ्याकडं उपरणंही नव्हतं. तरी आतला मास्तर काही गप्प बसेना. म्हणालो, "पण आप्पा, ठाऊक असून तुम्ही रोज माझ्या फोटोला उदबत्ती लावत होता?"

"तुला कशाला लावू? उदबत्ती आबाला. लावायची आन् वर बघून सांगायचं, आबा, ह्या फोटूतल्याला जरा अक्कल दे."

"मग? काही फरक?"

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, फोटोकडं बघितलं. मग कोनाड्यातला उदबत्तीचा पुडा काढला आणि डाव्या हातानं काडी ओढली.

"आजपासून दोन लावतो," ते म्हणाले.