सात सक्कं

चौथीच्या बाई तशा कामाला वाघ, पण सुट्टीत शाळेचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्या वर्षी आमच्या मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, की सुट्टीत आम्हा प्रत्येक शिक्षिकेने शाळेच्या कपाटातलं एक पुस्तक वाचायचंच. बाईंनी सगळ्यांत बारीक पुस्तक उचललं. वर्गातल्या मुलांच्या आजारांविषयी होतं. "एका दुपारचं काम," त्या मला म्हणाल्या.

दोन आठवडे ते फ्रिजवर पडून होतं. मग एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता त्यांनी मधलंच पान उघडलं. तिथे लिहिलं होतं: काही मुलं बोलता बोलता अचानक थांबतात, शून्यात बघतात, पापण्या फडफडतात आणि पाच-दहा सेकंदांनी, काही घडलंच नाही अशी पुढे चालू होतात. शिक्षकांना वाटतं, मुलाचं लक्ष नाही. ती एक प्रकारची फिट असू शकते.

बाई शिट्ट्या मोजायच्या विसरल्या.

तिसऱ्या बाकावरची पुतळी! सात पंचे पस्तीस म्हणायची, गप्प व्हायची आणि एकदम सात सत्ते एकोणपन्नास. सात सक्कं गायब. वर्ग खिदळायचा. 'पुतळी' हे नाव बाईंनीच ठेवलेलं. एकदा तर तासभर दाराबाहेर उभं केलं होतं तिला.

खालची ओळ होती: अशा मुलांना पाण्यात एकटं सोडू नये. आणि शेवटच्या दिवशी पुतळी नाचत सांगत होती, "बाई, मी सुट्टीत पोहायला शिकणार!"

तिच्या आईने फोन उचलला नाही. बाईंनी गॅस बंद केला आणि घरातल्या चपलांवरच गावातल्या पोहण्याच्या तलावाकडे निघाल्या. वाटभर एकच घोकत होत्या, 'खोटं ठरू दे, माझं हसं होऊ दे.'

तलावात एकसारख्या निळ्या टोप्यांची पंधरा-वीस डोकी. त्यातलं पुतळीचं कुठलं, कळेना. बाई काठाकाठाने एकेक चेहरा बघत निघाल्या. मग ती दिसली, खोल बाजूच्या काठावर. उडीची पाळी तिची होती. शिकवणारे सर ओरडत होते, "चल, मार!" ती मात्र जागची हलेना. मागची मुलं हसत होती. सरांनी तिला ढकलायला हात उचलला.

"हात लावू नका!" बाई किंचाळल्या.

"अहो बाई, भीती अशीच मोडते!"

तोवर बाईंनी तिचा दंड धरला होता. पापण्या थरथरत होत्या. मग थांबल्या. "बाई? तुम्ही कधी आलात?" पुतळीने विचारलं.

"ही भीती नाही, फिट असावी," बाई सरांना म्हणाल्या. ते ऐकून बाकावरून पुतळीचे वडील तावातावाने आले. "माझ्या मुलीला काय झालंय? तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "वर्षभर हिला असंच थांबताना बघितलं आणि वर्षभर रागावले. एकदा दाखवून तरी या."

ते मुलीला घेऊन निघून गेले. आठ दिवस फोन नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुतावरून स्वर्ग गाठलास." बाईंना जेवण जाईना. नवव्या दिवशी पुतळीच्या आईचा फोन आला. मेंदूची तपासणी झाली होती, गोळ्या सुरू झाल्या होत्या. "डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत."

मला वाटलं, आता त्या निवांत होतील. त्यांच्या घरी गेले तर जमिनीवर बावीस वर्षांचे वर्गाचे फोटो पसरलेले. बाई प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवत होत्या. एका वेणीवाल्या मुलीवर बोट थांबलं.

"हीसुद्धा अशीच थांबायची गं. मी नापास केलं हिला. कुठे असेल आता?"

दुसऱ्या दिवशी शाळेचं ऑफिस उघडून घेऊन आम्ही दोघींनी जुन्या हजेरीपटातून पत्ता काढला. त्या पत्त्यावर दुसरंच कुटुंब राहत होतं. दार उघडणाऱ्या गृहिणीने मान हलवली. आधी कोण राहायचं, तिला ठाऊक नव्हतं.

"शेजारी विचारू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढची बेल दाबली.