देविकाचे भाड्याचे स्नोशू

श्रीकांतला स्ट्रोक होऊन तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून देविकाचा दिवस दोन माणसांचा झाला होता. आठवड्यातले तीन दिवस डायलिसिस युनिटमध्ये नर्सिंग, उरलेल्या वेळात लंडनमधल्या हॅरोच्या घरी नवऱ्याला उठवणं, भरवणं, बाथरूमला नेणं. वय छप्पन्न, आणि पाठ त्याहून बरीच म्हातारी.

जानेवारीत तिथल्या कौन्सिलने सात दिवसांचा रेस्पाइट, म्हणजे काळजी घेणाऱ्याला विसावा, मंजूर केला. श्रीकांत पुढच्या सोमवारपर्यंत केअर होममध्ये गेला. पहिले दोन दिवस देविका नुसती झोपली. तिसऱ्या दिवशी मुलीचा, तनयाचा फोन आला. ती स्कॉटलंडमध्ये एव्हीमोरच्या एका हॉटेलात काम करायची.

"आई, इकडे ये. खूप स्नो पडलाय. आपण स्नोशूइंग करू."

"मला ते परवडायचं नाही गं. कपडे, बूट, काय काय लागतं."

"काही विकत घ्यायचं नाही. फक्त जीन्स आणू नकोस, ओली झाली की वाळत नाही. लोकरीचा जुना जंपर चालेल. बूट वॉटरप्रूफ पाहिजेत, बस."

देविकाने चॅरिटी शॉपमधून बूट आणि कुणीतरी दिलेली रेनट्राउझर्स घेतली. बूट अर्ध्या नंबरने मोठे होते, म्हणून मोज्यांचे दोन जोड, आणि पाय कोरडे राहावेत म्हणून त्यांच्या मध्ये पावाची प्लॅस्टिकची पिशवी घालायची असं ठरलं. सर्वांत स्वस्त कोच बस पकडून ती दिवसभर बसून राहिली. खिडकीबाहेर काय गेलं ते तिला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी तनयाने गावातल्या दुकानातून दोघींसाठी दिवसभराचे स्नोशू भाड्याने आणले. पाय बर्फात रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायच्या, पायांपेक्षा लांबरुंद प्लॅस्टिकच्या पट्ट्या, खाली लोखंडी दाते. काठ्या हॉटेलच्या स्टाफरूममधल्या. हवामानाचा अंदाज बघून, कुठे जातोय ते रिसेप्शनवर सांगून दोघी पाइनच्या जंगलातल्या सपाट वाटेला लागल्या. डोंगराकडे जायचं नाही, हे तनयाने आधीच बजावलं होतं.

"पाय जरा वाइड ठेव. नाहीतर स्वतःच्याच स्नोशूवर स्टेप करशील."

वीस पावलं चालल्यावर देविकाने नेमकं तेच केलं, आणि ती आडवी पडली.

तनया घाईने वळली. "ओ गॉड! लागलं का? थांब, मी सांगते कसं उठायचं. आधी साइडला रोल कर, मग एक गुडघा..."

"माहितीये मला," देविका म्हणाली.

तिला माहीत नसणार तर कुणाला? बाथरूममध्ये पडलेल्या श्रीकांतला ती हेच सांगायची. कुशीवर वळ. एक गुडघा. आता हात टेक. घाई नको, मी आहे. तीन वर्षांत कितीदा सांगितलं, त्याची मोजदाद नव्हती. पण स्वतः पडायची वेळ तिच्यावर आली नव्हती. पडायला तिला सवडच नव्हती.

ती उठली नाही. बर्फ पाठीखाली मऊ दबला होता. वर पाइनच्या फांद्या आणि करडं आभाळ.

"आई?"

"दोन मिनिटं पडू दे."

तनया शेजारी बर्फात बसली. मग देविका म्हणाली, "मला सोमवारी घरी जायचं नाहीये. जाईन मी, जायलाच हवं. पण जायचं नाहीये."

"फोनवर तर तू नेहमी 'सगळं ठीक' म्हणतेस."

"दुसरं काय म्हणणार?"

"आई, तू किती दमला आहेस."

एरवी देविकाने तिला "दमली" असं सुधारलं असतं. या वेळी तिने नुसती मान हलवली. मग ती कुशीवर वळली, दोन्ही काठ्या बर्फावर आडव्या टेकल्या, एक गुडघा, मग दुसरा. तनयाने हात पुढे केला. तो तिने धरला.

अजून तासभर त्या चालल्या. देविका आणखी दोनदा पडली. जंगलाच्या कडेला थर्मासमधला चहा पिऊन त्या परत फिरल्या; पुढे जायचं त्राण तिच्यात नव्हतं. संध्याकाळी हॉटेलच्या स्टाफरूममध्ये खुर्चीतच तिला झोप लागली.

सोमवारी श्रीकांत घरी आला. आठवड्यात त्याचं वजन थोडं उतरलं होतं, आणि पहिले दोन दिवस तो तिच्यावर रुसून होता. बुधवारी देविकाने कौन्सिलला फोन लावला, पाऊण तास होल्डवर थांबली, आणि फोनवरच्या बाईला स्पष्ट सांगितलं की आता तिला हे एकटीने जमत नाही. हे वाक्य तिने कुणा परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगितलं होतं. एप्रिलपासून आठवड्यातून चार सकाळी श्रीकांतचं सगळं करायला एक केअरर येऊ लागली. तनया महिन्यातून एकदा, दोन दिवस घरी येते. ती आली की देविका बाहेर कुठे जात नाही. वरच्या खोलीत दार लावून झोपते.