उत्तमराव बावस्करांचा भोंगा

मोताळ्यात कोणी वारलं तर ते उत्तमकाकांनी पुकारल्याशिवाय गेलंच नाही, असं आम्ही गमतीत म्हणायचो. जुनी पांढरी गाडी, टपावर दोन भोंगे, आत गाडीच्या बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर आणि माईक तोंडाशी धरलेले उत्तमराव बावस्कर. नळाला उद्या पाणी नाही, कापसाची खरेदी सुरू झाली, कोणाची शेळी हरवली, साड्यांचा सेल लागला आणि कोणाची मयत झाली, हे सगळं ते एकाच आवाजात सांगायचे. शेळी हरवली काय आणि माणूस गेला काय, त्या आवाजात तसूभर फरक नाही. लोक त्यावरून चिडवायचे. काका म्हणायचे, "मीच रडत बसलो तं मयतीचा टाइम कोन सांगीन?"

मलकापूर रोडवर माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. मी शेखर. तोंडाने फटकळ आहे, हे गावाला माहीत आहे. गिऱ्हाइकाने वायरीत स्वतःचं डोकं चालवलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. आणि उत्तमकाका तर त्यातले उस्ताद होते. फ्यूज उडाला की तांब्याची तार गुंडाळून गाडी चालवायची, ही त्यांची जुनी खोड. एकदा त्यातून सीटखाली धूर निघाला होता. तेव्हा मी त्यांना भर रस्त्यात इतका बोललो की तेव्हापासून ते फ्यूज विकत घ्यायला निमूटपणे माझ्याकडेच येऊ लागले.

घरी मात्र हा माणूस अगदी निराळा. त्यांच्या दीड एकरात वांगी-मिरची व्हायची, ती गीताकाकू आठवडी बाजारात विकायच्या. भाजी तोलता तोलता गिऱ्हाइकाला सांगायच्या, "हा मानूस गावभर बोलते अन् घरी आला का मुका व्हते. मले काही सांगाचं असलं तं त्याले भोंगाच लागते." काका शेजारी बसलेले असले तर नुसते हसायचे. काकूंना मात्र त्या भोंग्याचा उपयोग चांगला ठाऊक होता. आवाज मारुतीच्या देवळाकडून यायला लागला की त्या चुलीवर तवा ठेवायच्या. काका दारात येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

तर त्या दिवशी सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं आणि समोर काका उभे. अंगात धुतलेला सदरा, हातात जळका फ्यूज.

"असाच एक दे," ते म्हणाले.

मी दिला. ते गेले. पहिल्या चहाचा ग्लास खाली ठेवतो न ठेवतो तोच परत आले. फ्यूज पुन्हा काळा. मी दुसरा दिला आणि दुकानासमोरच लावून पाहिला. ॲम्प्लिफायरचा हिरवा दिवा लागला, भोंगा खणखणीत वाजला. काका निघून गेले आणि पेट्रोल पंपापासून परत फिरून आले. तोही उडाला होता.

"तार मारून दे ना गा सरळ," ते म्हणाले. "आजच्यापुरती."

मग माझी सटकलीच. "फ्यूज उडून राह्यला म्हंजे कुठंतरी शॉर्ट आहे, काका. तार मारली तं फ्यूजच्या बदल्यात गाडी जळन. असं काय मोठं पुकाराचं आहे आज? कोनता सेल पळून चालला?"

"मयतीचं आहे."

"कोनाची मयत?"

"गीताची," ते म्हणाले. "पहाटंच गेली. चार वाजता काढाची आहे. पोरगी साखरखेर्ड्याहून निंगाली, ते आल्यावर."

फ्यूज मागितला त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं. मी हातातली पक्कड खाली ठेवली. काकू दवाखान्यात आहेत इतकंच मला माहीत होतं. बुलढाण्याला नेलं होतं, आता बरं वाटतंय, असं कोणीतरी म्हणालं होतं. मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"काका, घरी जा तुम्ही," मी म्हटलं. "मोबाइलवर सगळ्या ग्रुपवर टाकतो मी. नाहीतर देऊळघाटच्या पुकारणाऱ्याले फोन करतो, तो तासाभरात येते."

"मोबाइलवर लोक हात जोडल्याचं चित्र टाकतात अन् घरीच बसतात," ते म्हणाले. "अन् दुसऱ्यानं काऊन पुकाराचं? या गावात कोनाची मयत मी पुकारली नाही, सांग बरं. मंग तिचीच दुसऱ्याच्या तोंडून? लोक येतीनच नाही. तिच्यामांगं मानसं पाह्यजे. तू फ्यूजचं पाह्य."

चारच्या आत भोंगा चालू व्हायला हवा होता. मी बॉनेट उघडलं.

अशा वेळी मी फ्यूज जाळत बसत नाही. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा बल्ब जोडतो. शॉर्ट नसेल तर बल्ब मिणमिणता राहतो, शॉर्ट झाला की भक्कन पेटतो. बल्ब जोडून मी तो काकांच्या हातात दिला आणि सांगितलं, पेटला की बोला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. आधी मी भोंग्याच्या वायरी सोडून पाहिल्या. बल्ब मंद. म्हणजे ॲम्प्लिफायर ठीक होता आणि बॅटरीकडून येणारी जाड वायरही ठीक होती. भोंगे परत जोडले, तरी बल्ब मंदच. गाडी उभी असली की सगळं ठीक, चालायला लागली की फ्यूज खलास. म्हणजे कुठेतरी वायर सोललेली असणार आणि खड्ड्यात गाडी आपटली की पत्र्याला टेकत असणार.

"कधीपासून उडून राह्यला?" मी विचारलं.

"आजच. परवा सोयाबीनवाल्याचं पुकारलं तवा चांगला होता."

"परवापासून आजपर्यंत गाडीत काय केलं? सामान भरलं? काही सरकवलं?"

"काही नाही केलं."

मी गाडीला बाजूने धक्के द्यायला लागलो. गाडी डुलली आणि काका म्हणाले, "पेटला." पुन्हा डुलवली. "पेटला." त्यांच्या आवाजात ना आनंद ना काही. टपावरून भोंग्याची वायर दाराजवळच्या पोकळ खांबातून खाली येते आणि डाव्या सीटखालून मागे ॲम्प्लिफायरकडे जाते. मी डाव्या सीटखाली टॉर्चचा उजेड मारला. सीट ज्या लोखंडी पट्टीवर पुढेमागे सरकते, त्या पट्टीत वायर चिमटली होती. वरचं प्लास्टिक फाटून आतलं तांबं चमकत होतं. सीट पार मागे, शेवटच्या खाचेत होती. ती तिथे कधीच नसायची, कारण मागे ॲम्प्लिफायर आहे.

"ही सीट कोनी मांगं केली?" मी जरा चढ्याच आवाजात विचारलं. सवयच ती.

काकांनी वाकून पाहिलं.

"मीच केली," ते म्हणाले. "बुलढाण्याले नेतानी. तिचे पाय आखडून राह्यले होते. म्हने, पाय लांबू द्या जरा. मी सीट मांगं लोटली. लोटत नव्हती, म्हून जोर लावला."

मला रडू फुटलं. खरं सांगतो, मला फुटलं आणि त्यांना नाही, याचा मला त्या क्षणी रागच आला. माझ्या सख्ख्या आईच्या वेळीही मी इतका हललो नव्हतो. काका मात्र विचारत होते, "टेप मारून भागन का वायर बदलाव लागन?"

मी सीट पुढे घेतली, तेवढा तुकडा कापून नवी वायर जोडली, वरून रबरी नळी चढवली आणि वायर पट्टीपासून दूर बांधली. गाडीला दणादण धक्के दिले. बल्ब मंदच राहिला. मग बल्ब काढून फ्यूज लावला आणि शटर खाली ओढलं. गाडी त्यांना चालवू द्यायची माझी छाती झाली नाही. मी स्टेअरिंगवर बसलो, ते डावीकडे माईक घेऊन बसले.

"उत्तमराव बावस्कर यांच्या पत्नी, गीताबाई उत्तमराव बावस्कर, यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले आहे हो. त्यांची अंत्ययात्रा आज दुपारी चार वाजता राहत्या घरून निघणार आहे, तरी सर्वांनी नोंद घ्यावी."

तोच आवाज. शेळी हरवल्याचा, पाणी न येण्याचा. बसस्टँड, बाजाराची जागा, तहसीलची लाइन, नदीकडची वस्ती. खड्डे आले, गाडी आदळली, फ्यूज टिकला. बाया दारात येऊन तोंडाला पदर लावत होत्या. चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. एक म्हातारा तर गाडीच्या आडवा आला आणि खिडकीतून आत हात घालून काकांचा खांदा धरून राहिला. काकांनी मान हलवली, त्याचा हात हळूच बाजूला केला आणि पुढच्या गल्लीत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मला वाटायला लागलं की या माणसाला काही समजलेलंच नाही, आणि समजलं तेव्हा कोण जवळ असेल कोण जाणे.

शेवटी त्यांची गल्ली आली. पुकारणाऱ्यांची एक रीत आहे. मयताच्या गल्लीत भोंगा बंद करतात, कारण तिथे सगळ्यांना ठाऊकच असतं आणि घरच्यांच्या कानावर तेच तेच कशाला घालायचं. काकांनी ही रीत कधी मोडली नव्हती. कोपऱ्यावर मी गाडी हळू केली आणि बटणाकडे हात नेला. काकांनी माझा हात बाजूला सारला.

दारापुढे मांडव घातला होता. ओट्यावर बाया बसल्या होत्या. साखरखेर्ड्याहून त्यांची लेक अर्पिता येऊन पोचली होती, तिचा हंबरडा गाडीपर्यंत ऐकू येत होता. काकांनी माईक तोंडाशी धरला.

"उत्तमराव बावस्कर यांच्या पत्नी, गीताबाई उत्तमराव..."

ते थांबले. मी वाट पाहिली. ओट्यावरच्या बाया गप्प झाल्या, अर्पिताही गप्प झाली, सगळ्या आमच्याकडे बघायला लागल्या. काकांनी माझ्याकडे तोंड वळवलं. माईक हनुवटीशी तसाच होता आणि टपावरचे दोन्ही भोंगे चालू होते.

"शेखर," ते म्हणाले, "हा उत्तमराव म्हंजे मीच नं गा?"

सगळ्या गल्लीने ते ऐकलं. मी "हाव, काका" म्हटलं, आणि तेही भोंग्यातून गेलं.